लहान शंखांचे छायाचित्रण घरच्या घरी कसे करावे

कोकणातल्या वाळूच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी बटणाएवढे चकचकीत शंख मोठ्या संख्येने सापडतात. उंबोनियम वेस्टियारियम असे शास्त्रीय नाव असलेल्या या शंखाचा व्यास जेमतेम एक सेंटीमीटर असतो. त्याचा रंग पिवळसर, गुलाबी, तपकिरी किंवा राखाडी असू शकतो आणि दोन शंखांवरची नक्षी सहसा सारखी नसते. एवढी लहान आणि एवढी गुळगुळीत वस्तू छायाचित्रणाची सगळी परीक्षा एकदम घेते. तिच्यावर खोलीतल्या प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब उमटते, शिखर फोकसमध्ये आणले की कडा धूसर होतात आणि हाताला न जाणवणारा धुळीचा कण चित्रात ठळक दिसतो. म्हणून या लेखात मुख्य उदाहरण म्हणून हाच शंख घेतला आहे. त्याचे चित्र नीट जमले की गोगलगायीचे कवच, कवडी, जुने नाणे किंवा तिकीट टिपताना फारशी अडचण येत नाही.

पुढची सगळी कृती एका कसोटीवर बेतलेली आहे. ज्याने हा शंख हातात घेतलेला नाही, त्याला केवळ छायाचित्र पाहून तो कोणत्या जातीचा आहे हे ठरवता आले पाहिजे. ही कसोटी स्वीकारली की कोणत्या बाजूने चित्र घ्यायचे, प्रकाश कुठून द्यायचा, किती भाग स्पष्ट हवा आणि मोजपट्टी कुठे ठेवायची या प्रश्नांची उत्तरे ठरू लागतात. महागडी लेन्स या प्रश्नांची उत्तरे देत नाही.

कोणत्या बाजू दाखवायच्या

शंखाच्या वर्णनात काही बाजू रूढ आहेत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची बाजू मुखाची. मुख म्हणजे प्राणी जिथून बाहेर येतो ते तोंड. शंखाचे शिखर वर, त्याचा अक्ष बरोबर उभा आणि मुख कॅमेऱ्याकडे, अशी ही मांडणी असते. दुसरी बाजू त्याच्या नेमकी विरुद्ध, म्हणजे पाठीची. तिसऱ्या चित्रात शंख शिखराच्या बाजूने पाहतात, म्हणजे वेढे आणि त्यांच्यामधली शिवण दिसते. चौथ्या चित्रात तो तळाकडून पाहतात, म्हणजे नाभी, अर्थात तळाच्या मधोमध असलेला खळगा, उघडी आहे की झाकलेली हे कळते. टरिटेलासारख्या उंच, निमुळत्या शंखांना पहिल्या दोन बाजू सहसा पुरतात. उंबोनियमसारख्या बसक्या शंखांत मात्र शिखराची आणि तळाची बाजूच अधिक बोलकी असते, कारण त्याच्या नाभीवर चुन्याचा जाड, गुळगुळीत थर असतो आणि तो फक्त तळाकडूनच नीट दिसतो. खडकांवर आढळणाऱ्या नेरिटा वंशातल्या शंखांची ओळख बरीचशी मुखाच्या आतल्या काठावरच्या दातांवरून होते. ते दात सावलीत बुडालेले असतील तर बाकी चित्र कितीही सुंदर असले तरी ओळखीच्या कामाचे नाही. कवडीचे पाठीकडून एक आणि दातांच्या बाजूने एक अशी दोन चित्रे घ्यावीत.

मुखाची बाजू टिपताना अक्ष तिरपा झाला तर शंख प्रत्यक्षाहून आखूड आणि जाड दिसतो. यासाठी कॅमेऱ्याच्या पडद्यावर जाळीच्या रेषा सुरू कराव्यात आणि शिखरापासून मुखाच्या खालच्या टोकापर्यंत जाणारी कल्पित रेषा त्यांतल्या उभ्या रेषेला समांतर आणावी. एवढ्यावर भागत नाही. अक्ष कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे झुकलेला आहे का, हे पाहण्यासाठी शंखाकडे एकदा बाजूनेही पाहावे.

संगणकावर चित्र कधीही आडवे उलटवू नये. शिखर वर आणि मुख आपल्याकडे धरल्यावर बहुतेक शंखांचे मुख उजव्या हाताला येते आणि अशा शंखांना उजव्या वळणाचे म्हणतात. काही जातींचे वळण मात्र नेमाने डावे असते. पश्चिम भारतात आढळणारी आरियोफँटा लेव्हिपिस ही जमिनीवरची गोगलगाय आणि डबक्यांतला इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस हा चपटा शंख ही त्याची उदाहरणे आहेत. चित्र उलटवले की उजव्या वळणाची एक जात डाव्या वळणाची होऊन बसते आणि पाहणाऱ्याची पुरती दिशाभूल होते. देवघरातल्या दक्षिणावर्ती शंखाबाबत हा घोळ नेहमीचा आहे. पूजेत शंख उलटा, म्हणजे शिखर खाली करून धरण्याची रीत असल्यामुळे ज्याला आपण दक्षिणावर्ती म्हणतो तो जीवशास्त्राच्या मोजणीत डाव्या वळणाचा ठरतो.

गोळा करणे आणि स्वच्छ करणे

शंख उचलण्याआधी आत कोणी राहत नाही ना, हे पाहावे. मूळ प्राणी मेला तरी रिकाम्या शंखात संन्यासी खेकडा मुक्काम करून असतो, आणि शंख थोडा वेळ ओल्या वाळूवर मुख खाली करून ठेवला की तो सहसा चालू लागतो. शंकूच्या आकाराचा कोनस जिवंत असेल तर त्याला हात लावू नये, कारण त्याचा दंश विषारी असतो. बागेत सापडणाऱ्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी उघड्या हाताने हाताळू नयेत, कारण त्या माणसाला अपायकारक असा एक परजीवी कृमी वाहून नेऊ शकतात. त्यांची रिकामी कवचेही हातमोजे घालून गोळा करावीत आणि गरम पाण्यात साबणाने धुवावीत. काही सागरी शंखांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. ट्रायटनचा मोठा शंख, काही शिरस्त्राण शंख आणि नॉटिलस हे त्यांतलेच. असा शंख किनाऱ्यावर दिसला तर तिथेच त्याचे चित्र घ्यावे आणि तो जागेवर सोडावा.

स्वच्छतेसाठी कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि लहान मुलांचा मऊ दातांचा ब्रश पुरेसा आहे. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो, त्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा स्नानगृह स्वच्छ करायचे आम्ल लागले की पृष्ठभाग विरघळू लागतो, बारीक रेघा पुसल्या जातात आणि चकाकी कायमची जाते. ब्लीचिंगच्या द्रावणाने कवचावरचा पातळ सेंद्रिय थर निघून जातो. गोगलगायीच्या कवचाचा तपकिरी, हिरवट किंवा पिवळट रंग पुष्कळदा त्याच थराचा असतो, म्हणून जमिनीवरच्या शंखांना ब्लीच लावूच नये. ‘चित्रात रंग उठून दिसावा’ म्हणून खोबरेल तेल लावण्याची सवय बरीच पसरलेली आहे. तेलाने रंग गडद दिसतो खरा, पण तो खरा रंग नसतो, प्रकाशाची चमक अनावर होते आणि पुढे धूळ चिकटत राहते.

मुखावर झाकण असेल तर ते फेकू नये. ते वाळवून त्याच शंखाच्या पुडीत ठेवावे आणि त्याचेही वेगळे चित्र घ्यावे. शंख किमान एक दिवस सावलीत वाळू द्यावा, कारण मुखाच्या आत राहिलेले पाणी दिव्याच्या उष्णतेने नेमके चित्र घेताना बाहेर झिरपते. छायाचित्राच्या आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारावी, मग जलरंगाच्या बारीक कुंचल्याने उरलेले कण टिपावेत आणि त्यानंतर शंखाला बोट लावू नये. कापसाचा बोळा वापरू नये. त्याचे तंतू ओठाच्या, म्हणजे मुखाच्या काठाच्या, खरखरीत कडेत अडकतात आणि मोठ्या आकारात दोरखंडाइतके जाड दिसतात.

लाकडी कपाटात ठेवलेल्या जुन्या शंखांवर कधी पांढरी भुकटी आलेली दिसते. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांमुळे कवचच खराब होत असल्याचे ते लक्षण आहे आणि ब्रशने ती भुकटी गेली तरी ती प्रक्रिया थांबत नाही. असा शंख मऊ ब्रशने झाडावा, पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा आणि पुढे प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा.

शंख उभा करणे

बहुतेकांचा सगळा वेळ याच पायरीवर जातो आणि तो गेलाच पाहिजे. भिंतीवर तक्ते चिकटवायला वापरतात तशी पुन्हा वापरता येणारी चिकट माती इथे सर्वांत उपयोगी पडते. तिची मुगाएवढी गोळी शंखाच्या न दिसणाऱ्या बाजूला लावून शंख टाचणीच्या डोक्यावर किंवा काडीच्या टोकावर टेकवावा. काडी जाड पुठ्ठ्यात खोचली की शंख हवेत तरंगल्यासारखा राहतो, पार्श्वभूमी कितीही मागे नेता येते आणि सावली चित्रातून आपोआप जाते. चिकट मातीतले तेल शोषून घेईल असा सच्छिद्र, झिजलेला शंख असेल तर मातीऐवजी थोडे मेण वापरावे आणि काम झाल्यावर ते लगेच काढावे.

कॅमेरा उभ्या दिशेने खाली पाहत असेल तर याहून सोपा उपाय आहे. नळदुरुस्तीच्या दुकानात मिळणारे रबरी वॉशर वेगवेगळ्या मापांचे आणून ठेवावेत. शिखराकडून चित्र घ्यायचे असेल तर तळ वॉशरमध्ये बसवावा. तळाकडून घ्यायचे असेल तर शिखर वॉशरच्या छिद्रात सोडावे. दोन्ही वेळा शंख घट्ट बसतो आणि शंखापेक्षा लहान व्यासाचा वॉशर घेतला तर तो वरून दिसतही नाही. आडव्या ठेवायच्या लांब शंखांसाठी उथळ बशीत बारीक, धुतलेली, कोरडी वाळू घेऊन तीत शंखाचा खालचा भाग रुतवता येतो, मात्र मग वाळूचे कण चित्रात येणार हे गृहीत धरावे.

पार्श्वभूमीचा नियम सोपा आहे: फिक्या शंखाला काळी, गडद शंखाला फिकी राखाडी. काळ्यासाठी मखमलीइतके चांगले काही नाही, कारण ती प्रकाश परत फेकत नाही. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीचा मोह टाळावा. ती शंखाच्या मागून इतका प्रकाश लेन्समध्ये पाठवते की फिकट ओठाची कड तिच्यात विरून जाते. पांढरी पार्श्वभूमी हवीच असेल तर शंखाभोवती जेवढी लागेल तेवढाच पांढरा कागद ठेवावा आणि बाकीचा काळ्या कागदाने झाकावा. निळा, लाल, हिरवा कागद वापरू नये. चकचकीत शंखाच्या कडेवर त्या रंगाची छटा उमटते आणि ती नंतर काढता येत नाही.

कॅमेरा, लेन्स आणि विवर्धन

विवर्धन म्हणजे वस्तूची सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, पडणारी प्रतिमा वस्तूच्या मानाने किती मोठी आहे ते. एकास एक विवर्धनात १० मिलिमीटरचा शंख सेन्सरवर १० मिलिमीटरच जागा घेतो. एपीएस-सी हा मध्यम आकाराचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे उंबोनियमसाठी एकास एक विवर्धन अगदी योग्य बसते आणि चारही बाजूंना थोडी मोकळी जागा राहते. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असल्याने तिथे याच शंखासाठी थोडे जास्त विवर्धन लागेल. चार-पाच सेंटीमीटरच्या शंखाला तर अर्धे विवर्धनही पुरते. थोडक्यात, आपला संग्रह किती आकाराचा आहे ते पाहून लेन्स घ्यावी.

नवी खरेदी करायची असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्यावी, कारण तिच्यात लेन्स आणि शंख यांच्यात दिवे ठेवण्याइतकी जागा उरते. खर्च टाळायचा असेल तर जुनी ५० मिलिमीटरची लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूब हा उत्तम मार्ग आहे. ट्यूबमध्ये काच नसते. ती फक्त लेन्स सेन्सरपासून दूर नेते आणि ट्यूबची लांबी भागिले लेन्सचे नाभीय अंतर एवढे विवर्धन वाढवते. १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या तिन्ही नळ्या एकत्र लावल्या तर ६८ भागिले ५०, म्हणजे सुमारे १.३६ पट विवर्धन मिळते. अडचण एकच, शंख लेन्सच्या अगदी पुढ्यात येतो आणि प्रकाश देण्याची जागा आक्रसते.

मोबाइलने चांगले काम होते, पण त्यातल्या ‘मॅक्रो’ नावाच्या सोयीवर विसंबून राहू नये. पुष्कळ मोबाइलांत ती सोय कमी दर्जाच्या वेगळ्या कॅमेऱ्यातून किंवा अति-रुंद लेन्समधून दिली जाते. दोन्ही वेळा मोबाइल शंखाच्या इतक्या जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली पडते आणि शंखाचा पुढचा भाग फुगून दिसतो. त्याऐवजी मोबाइलच्या टेलिफोटो कॅमेऱ्यावर क्लिपची क्लोजअप लेन्स लावावी, मोबाइल स्टँडवर बसवावा, पडद्यावर बोट दाबून धरून फोकस व एक्स्पोजर कुलूपबंद करावे आणि टायमर लावून चित्र घ्यावे. लहान सेन्सरमुळे मोबाइलमध्ये खोलवरचा भाग तुलनेने जास्त स्पष्ट येतो, हा त्याचा खरा फायदा आहे.

कोणत्याही साधनात थरथर हा मोठा शत्रू असतो. छताचा पंखा बंद करावा. तो टेबल हलवतो आणि काडीवरचा शंख डोलवतो. काम रात्री करावे म्हणजे खिडकीतून येणारा बदलता प्रकाश मिसळत नाही आणि रस्त्यावरची वर्दळही कमी असते. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरावा आणि कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरची सोय असेल तर ती सुरू ठेवावी.

प्रकाश

शास्त्रीय चित्रांत मुख्य प्रकाश वरच्या डाव्या बाजूने येतो असा जुना संकेत आहे आणि तो पाळण्यामागे भक्कम कारण आहे. प्रकाश वरून येतो असे आपले डोळे धरूनच चालतात. त्यामुळे खालून प्रकाश दिलेल्या चित्रात शंखावरचे उंचवटे खड्ड्यांसारखे आणि खळगे उंचवट्यांसारखे भासतात. म्हणून घड्याळातल्या दहाच्या काट्याच्या दिशेने एक मुख्य दिवा ठेवावा आणि समोरच्या बाजूला पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा उभा करून सावली थोडी उजळावी. दोन्ही बाजूंना सारख्या ताकदीचे दिवे लावण्याची चूक करू नये. तसे केले की रेघा, गाठी आणि शिवण सपाट होऊन जातात.

दिवा टेबलावरचा साधा एलईडी चालतो. मात्र रंगनिर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या आसपास असलेला दिवा घेतला तर गुलाबी आणि तपकिरी छटा खऱ्या उतरतात. एकाच चित्रात दोन जातींचे दिवे मिसळू नयेत.

आता चकाकीचा प्रश्न. उंबोनियमवर उघडा दिवा टाकला तर त्याच्या प्रत्येक वेढ्यावर दिव्याचा पांढराफटक ठिपका उमटतो आणि त्याखालची नक्षी जळून जाते. उपाय म्हणजे दिवा आणि शंख यांच्यात बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर धरायचा. पण तो दिव्याला चिकटवून उपयोग नाही. तो शंखाच्या जितका जवळ असेल तितका शंखाच्या दृष्टीने प्रकाशाचा स्रोत मोठा होतो आणि चकाकी मऊ पसरते. सर्वांत सोपी रचना म्हणजे बटर पेपरची नळी करून ती शंखाभोवती उभी करणे आणि वरून कॅमेऱ्याने पाहणे. एक सेंटीमीटरपेक्षा लहान शंखांसाठी टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापून, वरच्या भागाला लेन्सपुरते भोक पाडून तो शंखावर पालथा घातला तर अतिशय सम प्रकाश मिळतो. मात्र त्या चेंडूलाही दिवा एकाच बाजूने जास्त द्यावा, नाहीतर शंख प्लॅस्टिकचा दिसतो.

चकाकी पूर्ण घालवण्याचाही मार्ग आहे: दिव्यासमोर ध्रुवीकरण फिल्म आणि लेन्सवर ध्रुवीकरण फिल्टर लावून फिल्टर फिरवत जावे. एका कोनात सगळी प्रतिबिंबे नाहीशी होतात आणि नक्षी आश्चर्य वाटावे इतकी स्वच्छ दिसते. प्रकाश मात्र बराच कमी होतो. शिवाय गुळगुळीतपणा हा स्वतःच ओळखीचा एक गुण असल्यामुळे मला हे चित्र एकटे पुरेसे वाटत नाही. मऊ चकाकीचे एक आणि चकाकीविना एक अशी दोन चित्रे ठेवावीत.

मुखाच्या आतला भाग नेहमीच काळा पडतो. तिथे ॲल्युमिनियम फॉइलचा नखाएवढा चुरगळलेला तुकडा चित्राच्या चौकटीबाहेर काडीवर धरून प्रकाश आत परतवावा. नेरिटाचे दात दिसण्यासाठी एवढे पुरते.

पांढऱ्या रंगाचा तोल राखाडी कार्डवरून ठरवावा. छपाईचा साधा पांढरा कागद त्यासाठी चालत नाही. त्यात मिसळलेल्या चमकद्रव्यांमुळे तो निळसर झाक देतो आणि कॅमेरा सगळे चित्र पिवळट करून टाकतो.

फोकस आणि थर रचणे

जवळून टिपताना स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग एकाच वेळी स्पष्ट येतो ते अंतर, किती उथळ होते हे आकड्यांतच पाहावे. अपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र; त्याचा एफ आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. एपीएस-सी सेन्सरवर, एकास एक विवर्धनात आणि एफ ८ अपर्चरवर, ही खोली सुमारे ०.६ मिलिमीटर असते. उंबोनियमच्या शिखरापासून सर्वांत रुंद कडेपर्यंतचे अंतर चार मिलिमीटरच्या आसपास भरते. अपर्चर बंद करत एफ २२ पर्यंत नेले तरी हे अंतर मावत नाही आणि दुसरेच नुकसान होते. जवळच्या छायाचित्रणात प्रत्यक्ष परिणाम करणारा अपर्चरचा आकडा विवर्धनाबरोबर वाढतो. एकास एक विवर्धनात तो दुप्पट होतो, म्हणजे एफ २२ हा एफ ४४ सारखा वागतो आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरत असल्यामुळे, सगळे चित्रच मऊ पडते. एफ ५.६ हा प्रत्यक्षात एफ ११ सारखा वागतो, तो बहुतेक लेन्सना मानवतो.

म्हणून एकच चित्र घेण्याऐवजी फोकस थोडा थोडा पुढे सरकवत अनेक चित्रे घ्यावीत आणि संगणकावर त्यांचे स्पष्ट भाग जोडावेत. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. उंबोनियमचे गणित असे होते. एफ ५.६ वर स्पष्टतेची खोली सुमारे ०.४५ मिलिमीटर. दोन चित्रांचे स्पष्ट भाग एकमेकांवर सुमारे एक तृतीयांश चढले पाहिजेत, म्हणून प्रत्येक पाऊल ०.३ मिलिमीटरचे. चार मिलिमीटरला चौदा चित्रे, आणि पुढे-मागे दोन दोन जादा, म्हणजे अठरा. शंखाची पूर्ण जाडी धरून दुप्पट चित्रे घेण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याला शंखाचा फक्त समोरचा भाग, बाह्यरेषेपर्यंतच दिसतो, त्यामुळे बाह्यरेषा स्पष्ट झाली की थांबावे.

निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत ‘फोकस शिफ्ट’ या नावाने आणि कॅनन, फुजीफिल्म, ऑलिम्पस, पॅनासॉनिक यांच्या अनेक कॅमेऱ्यांत फोकस ब्रॅकेटिंग म्हणून ही पावले आपोआप टाकण्याची सोय असते. ती असेल तर पहिला फोकस शंखाच्या सर्वांत जवळच्या बिंदूच्या किंचित पुढे हवेत ठेवावा आणि कॅमेऱ्याला फोकस मागे मागे नेऊ द्यावा. सोय नसेल तर एकास एकपर्यंत लेन्सची फोकस कडी हळूहळू फिरवून काम होते. त्याहून अधिक विवर्धनात मात्र स्क्रूने सरकणारी रेल घ्यावी. संपूर्ण मालिकेत एक्स्पोजर, आयएसओ, पांढऱ्याचा तोल आणि दिवे यांपैकी काहीही बदलू नये. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, सर्वांत कमी ठेवावा, चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावीत आणि सर्वांत उजळ ठिपका हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखाच्या, उजव्या भिंतीला टेकू देऊ नये.

चित्रे जोडण्यासाठी हेलिकॉन फोकस आणि झिरीन स्टॅकर ही विकत घ्यायची आणि पिकोले, कम्बाइनझेडपी ही मोफत आज्ञावली आहेत. जवळपास प्रत्येकीत दोन प्रकारच्या पद्धती मिळतात. शंखाचा कोणता भाग किती खोलवर आहे याचा नकाशा करणारी पद्धत गुळगुळीत शंखांचे रंग आणि चकाकी नैसर्गिक ठेवते. पिरॅमिड पद्धत बारीक रेघा, केस आणि एकमेकांवर आलेल्या कडा चांगल्या हाताळते, पण कॉन्ट्रास्ट वाढवते आणि चित्रातला दाणेदारपणाही वाढवते. उंबोनियमला पहिली पद्धत, काटेरी किंवा रेघाळ शंखाला दुसरी. मुखाचा ओठ आतल्या भिंतीच्या पुढे येतो तिथे हमखास धूसर कडे उमटते. ते दिसले तर त्या जागी आज्ञावलीच्या कुंचल्याने मूळ चित्रातला स्पष्ट भाग रंगवून घ्यावा. ठिगळासारख्या आडव्या पट्ट्या दिसल्या तर त्या दुरुस्त करत बसू नये, पाऊल मोठे पडले आहे. मालिका पुन्हा घ्यावी.

जोडल्यानंतरची दुरुस्ती मर्यादित असावी. धूळ पुसावी, तोल ठीक करावा, थोडी तीक्ष्णता द्यावी. रंगांची संपृक्तता वाढवू नये. तुटलेला ओठ किंवा झिजलेले शिखर ‘पूर्ण’ करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने या कामात अजिबात वापरू नयेत.

नाणी आणि तिकिटे

सपाट वस्तूंना अनेक थर लागत नाहीत. त्यांना लागतो तो काटेकोर समांतरपणा. त्याची एक जुनी आणि अचूक युक्ती आहे: वस्तूच्या जागी लहान आरसा ठेवावा आणि कॅमेऱ्यातून पाहावे. लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आले की सेन्सर आणि टेबल समांतर झाले. मग आरसा उचलून तिथे नाणे ठेवावे.

नाण्याला प्रकाश कमी उंचीवरून, तिरपा द्यावा. झिजलेल्या तांब्याच्या शिवराईवरची ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे समोरच्या प्रकाशात दिसतच नाहीत, पण एका बाजूने दिवा जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणला की उठून येतात. नाणे फिरवत राहावे आणि अक्षरे सर्वांत वाचनीय होतील त्या कोनात थांबावे. दिवा फिरवण्यापेक्षा हे सोपे जाते. चित्र नंतर संगणकावर सरळ करताना प्रकाश खालून आल्यासारखा होत नाही ना, एवढे पाहावे. नवे, आरशासारखे नाणे असेल तर लेन्स आणि नाणे यांच्यामध्ये स्वच्छ काच पंचेचाळीस अंशांत धरून बाजूचा दिवा तिच्यावर टाकावा. काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश सरळ नाण्यावर उतरतो आणि सपाट भाग उजळतात. आणि चित्रासाठी जुने तांब्याचे नाणे चिंचेने घासू नये. त्यावरचा काळपट थर गेला की संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत जाते.

तिकिटांना मात्र दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांतून सारखा प्रकाश द्यावा, आणि छिद्रांची कड नीट मोजता यावी म्हणून खाली काळा कागद ठेवावा.

मोजपट्टी आणि नोंद

मोजपट्टीशिवायचे शंखाचे चित्र अर्धवट असते. अर्धा मिलिमीटर खुणांची पोलादी पट्टी घ्यावी आणि ती शंखाच्या बाह्यरेषेच्या पातळीवर, चौकटीच्या कडेला ठेवावी. पट्टी टेबलावर आणि शंख तिच्यापेक्षा सहा मिलिमीटर वर अशी स्थिती असेल तर शंख कॅमेऱ्याच्या जवळ असल्यामुळे प्रत्यक्षाहून मोठा मोजला जातो. फोकसची मालिका घेताना पट्टी चौकटीतच राहू द्यावी, म्हणजे आज्ञावली चित्रे जुळवताना आकार बदलते तो बदल पट्टीलाही लागू होतो. अंतिम चित्रात पट्टीच्या लांबीवरून ५ मिलिमीटरची रेघ आखावी आणि मग पट्टी कापून टाकावी. ‘दहा पट मोठे’ असे लिहिण्यापेक्षा अशी रेघच द्यावी, कारण चित्र मोबाइलवर पाहिले की पडद्यावर, पटीचा आकडा बदलतो, रेघ चित्राबरोबरच लहान-मोठी होते. शंखाची उंची आणि रुंदी व्हर्नियर कॅलिपरनेही मोजून लिहावी.

प्रत्येक शंखाला क्रमांक द्यावा आणि मालिकेच्या पहिल्या चित्रात तोच क्रमांक लिहिलेली चिठ्ठी शंखाशेजारी ठेवावी. नंतर शेकडो फायलींमधून कोणती मालिका कुठून सुरू झाली हे शोधताना ही चिठ्ठीच उपयोगी पडते. नोंदीत गाव, किनाऱ्याचे किंवा जंगलाचे नाव, शक्य असल्यास अक्षांश-रेखांश, दिनांक, गोळा करणाऱ्याचे नाव आणि अधिवास असावा. ‘वाळू’, ‘खडक’, ‘पानांचा पाचोळा’, ‘विहिरीचा काठ’ असा एखादा शब्दही पुरतो. फायलीच्या नावात क्रमांक आणि बाजू दोन्ही असावीत, उदाहरणार्थ ‘०४२ मुख’, ‘०४२ पाठ’, ‘०४२ शिखर’, ‘०४२ तळ’. अंतिम चित्र टिफ स्वरूपात ठेवावे आणि इतरांना पाठवण्यासाठी वेगळी जेपेग प्रत करावी.

आयनॅचरलिस्टसारख्या, जीवांच्या नोंदी आणि ओळख यांसाठीच्या संकेतस्थळावर ओळख विचारायची असेल तर चारही बाजूंची चित्रे एकाच निरीक्षणात द्यावीत. वेगवेगळी टाकली तर तळाचे चित्र पाहणाऱ्याला मुख दिसत नाही आणि ओळख वंशापाशीच अडते. तिथे जिवंत जीव आणि रिकामे कवच यांत फरक करण्याची सोय आहे, त्यानुसार ‘मृत’ अशी खूण करावी. जातीचे नाव निश्चित झाले तरी फायलीचा क्रमांक बदलू नये आणि जुने, चुकीचे ठरलेले नावही नोंदीतून खोडू नये. ते कोणी, केव्हा आणि कोणत्या चित्रावरून बदलले हे त्यापुढे लिहून ठेवावे.